अख्खं झाड

“मग ते कपाट काय मी डोक्यावर घेऊन फिरू?” सून म्हणाली.

“कपाटाचं मागाहून बघू,” मुलगा म्हणाला. “आधी या डब्याचं ठरू दे. भंगारवाल्याला मी मंगळवारी बोलावलंय.”

“डबा माझा आणि भंगारवाल्याला बोलावणं तुझं!” टाकेबाई म्हणाल्या. “मलाही बसवून दे त्याच्या टेम्पोत. एका फेरीत काम होईल.”

“आई, कुठला विषय कुठे नेतेस?”

“कुठे नेत नाही. इथेच आहे मी, टेबलापाशी. तुम्हीच सगळे मला इथून उठवताय.”

“कुणीही काहीही उघडायचं नाही, एवढं सांगून ठेवतो,” खिडकीपाशी पेपर वाचत बसलेले टाकेबाईंचे यजमान म्हणाले. सकाळपासून ते अधूनमधून एवढंच म्हणत होते. पेपर मात्र मघापासून उलटला गेला नव्हता.

भांडण चाललं होतं ते बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यावरून. दार आणि खिडकी यांच्यामध्ये एक टेबल, टेबलावर एक स्क्रीन आणि टेबलाखाली राखी रंगाचा, गुडघ्याएवढा उंच, जुना कॉम्प्युटर. मुलाचं काम लॅपटॉपवर चालायचं. त्याच्या लेखी टेबलाखालचा तो डबा केव्हाच संपला होता, फक्त घराला अजून कळलं नव्हतं. सून लोकांचे दुखरे खांदे आणि आखडलेल्या पाठी मोकळ्या करायची, फिजिओथेरपिस्ट. तिच्या रबरी पट्ट्या, चटया, चेंडू, टॉवेल असा सगळा संसार पिशव्यांत भरून पलंगाखाली कोंबलेला होता. तिला कपाट हवं होतं आणि घरात कपाट मावेल असा तो एकच कोपरा होता. यात तिचं काही चुकत होतं असं टाकेबाईंनाही वाटत नव्हतं. म्हणून तर त्या जास्त चिडल्या होत्या.

आणि यजमान. गल्लीत त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणत. उभा जन्म त्यांनी लिफ्टच्या खोल्यांमध्ये काढला होता, गच्चीवरच्या त्या छोट्या, तेलकट, घरघरणाऱ्या खोल्या. घरातलं कुठलंही यंत्र उघडायचं तर ते त्यांनीच, असा अलिखित कायदा होता. मिक्सर, पंखा, इस्त्री, शेजाऱ्यांचा रेडिओ, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. पण हा राखी डबा त्यांनी कधी उघडला नव्हता. त्यात ना पट्टा, ना वंगण. जे आपल्याला उघडता येत नाही ते घरात दुसऱ्या कुणी उघडावं, आणि त्यातही बायकोनं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

टाकेबाईंचं हे नाव त्यांच्या हातावरून पडलेलं. भरतकाम त्या लहानपणी शेजारच्या एका म्हाताऱ्या शिंपिणीकडे शिकल्या. ती बाई मोठी खट होती. रुमाल दाखवायला नेला की पुढची बाजू बघायचीच नाही. उलटा करायची, डोळ्यांजवळ न्यायची आणि मागचे दोरे बघून परत हातात ठेवायची. “पुढून काय, कुणीही छान दिसतं,” एवढं बोलून तोंड फिरवायची. तेव्हापासून टाकेबाईंना वस्तू उलटी करून बघायची खोड लागली. दुकानात पडदे बघायला गेल्या तरी आधी मागची बाजू. मुलासाठी मुलगी बघायला गेल्या तेव्हा तिथल्या सोफ्याच्या उशीचा अभ्राही त्यांनी सहज उलटवून पाहिला होता. सून अजून ते विसरली नव्हती आणि भांडणात वेळेवर काढायची.

पुढे त्या एका भरतकामाच्या कारखान्यात लागल्या. शाळांचे बिल्ले, दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या कोटांवरची नावं, खेळाडूंच्या टोप्या. कारखान्यात मशिनं आली आणि मशिनांबरोबर हा कॉम्प्युटर आला. मशीन स्वतःहून काही भरत नाही. सुई कुठे उतरणार, कुठून वर येणार, दोरा कुठे बदलणार, हे एकेका टाक्यानं आधी कॉम्प्युटरवर काढून द्यावं लागतं. कारखान्यातल्या तरण्या पोरी माउस धरायला लाजत होत्या तेव्हा टाकेबाई पुढे झाल्या. “सुईच आहे ही,” त्या म्हणाल्या, “फक्त बोटाला टोचत नाही.” मालकानं धंदा आवरला तेव्हा जाताना तो कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला. तेव्हापासून त्या घरी बसून चित्रं काढत, दुसऱ्या एका कारखान्याला पाठवत, आणि तिथल्या मशिनवर ती भरली जात. गल्लीच्या टोकाच्या शाळेतला प्रत्येक मुलगा छातीवर टाकेबाईंचा बिल्ला लावून फिरतो, हे त्या मुलांनाही ठाऊक नव्हतं.

मग आलं नाट्यगृहाचं काम. रस्त्याच्या पलीकडे वळणावर जुनं नाट्यगृह होतं. त्याचा पुढचा पडदा नव्यानं करायचा होता. व्यवस्थापक स्वतः जिना चढून आले, चहा प्याले आणि म्हणाले, “एक झाड हवंय. खालपासून वरपर्यंत. भरपूर पाखरं असलेलं.” टाकेबाईंनी आयुष्यभर तळहाताएवढी चित्रं काढली होती. भिंतीएवढं झाड त्यांना कुणी मागितलं नव्हतं. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. सकाळी उठून त्यांनी खोड काढायला घेतलं.

खोड झालं. फांद्या झाल्या. पाखरं बसायला लागली आणि कॉम्प्युटर बसला. फाइल उघडली की स्क्रीन गोठायचा. माउस हलवला तरी बाण जागचा हलायचा नाही. मग कुठेतरी खालून घरघर, मग काळोख. टाकेबाईंनी झाडाचे तुकडे केले. एका वेळी एक फांदी उघडायची, तिच्यावरची पाखरं पुरी करायची, बंद करायची, पुढची उघडायची. असं करत सगळं झाड झालं, पण तुकड्यातुकड्यांत. कारखान्यात पडदा पट्ट्यापट्ट्यांनीच भरला जाणार होता हे खरं, पण पट्टी नेमकी कुठे तोडायची, जोड कुठल्या पानाआड लपवायचा, हे अख्खं झाड डोळ्यांसमोर असल्याशिवाय कळायचं कसं? आणि अख्खं झाड उघडलं की काळोख.

व्यवस्थापक चांगले गृहस्थ होते, पण त्यांनाही वर कुणीतरी होतं. सोमवारपर्यंत अख्खी फाइल मिळाली नाही तर काम एका कंपनीला द्यावं लागेल, असं त्यांनी कालच फोनवर सांगितलं होतं. कंपनी फोटोवरून परस्पर भरतकाम करून देते. म्हणजे कुठल्याही झाडाचं. आज शनिवार होता. सकाळी चहा पिताना टाकेबाई म्हणाल्या होत्या की डबा उघडून आत काही वाढवता येतं का ते बघते, आणि त्यावरून हे सगळं सुरू झालं होतं.

“अगं, पण त्याची रॅम पुरत नाही,” मुलगा आता वैतागून सांगत होता. “तुझी डिस्क मोठी आहे, त्यात हजार झाडं मावतील. पण काम करताना जे समोर उघडं ठेवायचं ते रॅममध्ये ठेवावं लागतं. ती एवढीशी आहे. म्हणून गोठतो.”

टाकेबाईंनी वाकून डब्याकडे बघितलं.

“म्हणजे कापड भरपूर आहे,” त्या म्हणाल्या, “पण रिंग लहान आहे.”

भरतकाम करताना कापड ज्या गोल लाकडी चौकटीत ताणून धरतात तिला त्या रिंग म्हणत. रिंगेत जेवढं कापड बसेल तेवढंच एका वेळी भरता येतं. बाकीचं मांडीवर गोळा होऊन पडलेलं असतं.

“तसंच काहीसं,” मुलगा म्हणाला. “पण आई, आता त्यात जीव—”

“मोठी रिंग मिळते का?”

“मिळते. पण एवढ्या जुन्या डब्यात—”

“मिळते ना? झालं तर मग.” आणि त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

“ही ऐकणार आहे का कुणाचं!” लिफ्टवाले पेपरमधून म्हणाले.

चौकाच्या पुढच्या बोळात कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. दुकानदार डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग लावून बसायचा, म्हणून त्याला सगळे भिंगवाला म्हणत. टाकेबाईंनी सगळं सांगितलं. भिंगवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“नमुना आणलाय?”

“कसला नमुना?”

“आत जी रॅम आहे ती. बाई, दोऱ्याची रिळं घ्यायला तुम्ही दुकानात काय नेता?”

“उरलेला दोरा नेते.”

“मग? रॅमचंही तसंच असतं. जातीजातीत फरक. पट्टीला एक खाच असते. खाच जुळली नाही तर ती बसतच नाही. ती काढून आणा. आधी प्लग काढायचा. मग चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे आत मुरलेली वीज निघून जाते. मग डब्याच्या पत्र्याला हात लावायचा आणि मगच आत हात घालायचा. अंगावर लोकर नको. हवा कोरडी आहे, ठिणगी बसली तर पट्टी गेली.”

ठिणगीचं टाकेबाईंना सांगायची गरज नव्हती. अशा कोरड्या थंडीत रेशमी दोऱ्याची लडी उघडली की धागे हवेत उभे राहतात आणि बोटांच्या मागे मागे येतात, हे त्या जन्मभर बघत आल्या होत्या. घरी येऊन त्यांनी स्वेटर काढून ठेवला, बाह्या सरसावल्या आणि यजमानांसमोर हात पुढे केला.

“स्क्रू-ड्रायव्हर द्या.”

“मी सांगितलंय ना—”

“तुम्ही उघडता का मग?”

लिफ्टवाल्यांनी पेपरची घडी घातली. मग उठले, आपली पेटी उघडली, त्यातला मधल्या मापाचा स्क्रू-ड्रायव्हर निवडला आणि टॉर्चही काढली. “मी फक्त उजेड धरणार,” ते म्हणाले. “बाकी तुझं तू बघ. नंतर माझ्या नावानं खडे फोडू नकोस.”

डब्याची बाजूची झडप सरकली आणि आतून धुळीचा एक अख्खा गालिचा बाहेर आला. सून नाक धरून मागे झाली. टाकेबाईंनी खडूच्या रेघा पुसायचा आपला मऊ ब्रश आणला आणि हलक्या हातानं धूळ बाजूला केली. टॉर्चचा झोत आत पडला.

टाकेबाई आणखी खाली वाकल्या.

इतकी वर्षं त्या या डब्याला पाय टेकवून बसल्या होत्या. थंडीत त्याच्या गरम हवेवर पाय शेकले होते, रागाच्या भरात एकदा लाथही घातली होती. आणि आत हे होतं. हिरव्यागार फळीवर बारीक बारीक, एकमेकींना न चिकटता एकाच वळणानं वळलेल्या सोनेरी रेघा. कुठे गाठ नाही, कुठे लोंबता दोरा नाही. आपल्या घरात एवढं नेटकं काम पडून होतं आणि ते कुणी कधी बघितलं नव्हतं.

“हे कुणी केलं असेल हो?” त्या म्हणाल्या.

“मशिनं करतात,” मुलगा आतल्या खोलीतून ओरडला.

“मशीन स्वतःहून काही करत नाही,” टाकेबाई म्हणाल्या. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

रॅमची पट्टी एका उभ्या, अरुंद घरात बसलेली होती. तिच्या शेजारी तशीच आणखी तीन घरं होती. मोकळी. दोन घरं निळी, दोन काळी, आलटूनपालटून. टाकेबाईंनी त्या रिकाम्या घरांवरून ब्रश फिरवला, मग नुसतं बोट फिरवलं.

“बघा ना,” त्या यजमानांना म्हणाल्या, “जागा ठेवलीय. आधीपासून ठेवलीय. ज्यानं कुणी हे केलं त्याला माहीत होतं की पुढे कुणाला तरी कमी पडेल.”

लिफ्टवाल्यांनी टॉर्च आणखी जवळ नेली. “आमच्याकडे लिफ्टच्या पॅनेलमध्ये असतात अशा मोकळ्या जागा,” ते म्हणाले. “पुढे मजला चढवला तर असाव्यात म्हणून.” मग जरा थांबून म्हणाले, “चांगलं काम आहे.” एवढी स्तुती त्यांनी बायकोच्याही कामाची कधी केली नव्हती, पण टाकेबाईंनी ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

दोन्ही बाजूंचे खटके मागे सारल्यावर पट्टी अलगद वर आली. टाकेबाईंनी ती कडांना धरली आणि अर्थातच आधी उलटी करून बघितली. मागची बाजू पुढच्यासारखीच होती. तेवढीच स्वच्छ, तेवढीच सरळ. त्यांना ती म्हातारी शिंपीण आठवली. ही पट्टी तिच्या हातात ठेवली असती तर तिनं काय केलं असतं? बहुतेक काहीच बोलली नसती, आणि तोंडही फिरवलं नसतं.

पट्टी सुती रुमालात गुंडाळून त्या पुन्हा दुकानात गेल्या. भिंगवाल्यानं ती हातात घेतली, त्यावरचे आकडे वाचले.

“घरं किती आहेत?”

“चार. दोन निळी, दोन काळी. निळा जरा मोरपंखीकडे झुकणारा आहे.”

भिंगवाला हसला. “रंग विचारलाच असता मी. नुसती एक वाढवू नका, जुनी राहू दे बाहेर, एकसारख्या दोन घ्या. जुळ्या बहिणीच. दोघींना एकाच रंगाच्या घरांत बसवा. शेजारी शेजारी नाही हं, एक सोडून एक. मग दोघी एकदम काम करतात. नाही तर एक राबते आणि दुसरी तिच्या तोंडाकडे बघत बसते.”

“आमच्या घरी आहे तसं,” टाकेबाई म्हणाल्या.

“आणि बाई, हे बघायचंय?” त्यानं भिंग डोळ्यावरून काढून त्यांच्यापुढे धरलं. नवी पट्टी दिव्याखाली ठेवली. “त्या रेघा बघा. सगळ्या सरळ आहेत का?”

टाकेबाईंनी भिंगातून पाहिलं. केसाहून बारीक रेघा होत्या. बऱ्याच सरळ निघाल्या होत्या, पण मधल्या काही रेघा विनाकारणच वळणं घेत होत्या. पुढे, मागे, पुढे, मागे, नागमोडी, आणि मग मुक्कामाला पोचत होत्या.

“या का अशा? जागा तर सरळ जायला होती.”

“होती. पण त्या जवळच्या आहेत. सरळ गेल्या तर लवकर पोचतील. लांबच्या मागून येतील. मग आतला निरोप अर्धा आधी, अर्धा नंतर. म्हणून जवळच्या रेघांना मुद्दाम वळसे दिलेत, म्हणजे सगळ्या एकाच वेळी पोचतात.”

टाकेबाईंनी डोळा भिंगावरून काढला नाही. मागे दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, खाकरलं, तरी त्या तशाच वाकून होत्या. बोटाच्या पेराएवढ्या जागेत कुणीतरी बसून एकेका रेघेचा विचार केला होता. ही जवळची आहे, हिला थांबवायला हवं. ही लांबची आहे, हिच्यासाठी वाट बघायला हवी. आणि हे करून ते माणूस उठून घरी गेलं असेल, जेवलं असेल, कुणी विचारलंही नसेल की आज काय केलंस. टाकेबाईंच्या अंगावर काटा आला. देवळात कधी आला नव्हता, खोटं कशाला बोला.

घरी आल्या तेव्हा लिफ्टवाले टॉर्च घेऊन टेबलाखाली बसलेलेच होते. सूनही चटई टाकून बाजूला बसली होती. “मी फक्त बघतेय,” ती म्हणाली. “कपाटाचं माझं म्हणणं तेच आहे.”

टाकेबाईंनी पत्र्याला हात लावला. पहिली पट्टी पहिल्या निळ्या घरावर धरली, खाच जुळवली आणि बसवली. एक घर सोडून दुसरी. झडप लावली, प्लग लावला, बटण दाबलं.

पंखा फिरला. स्क्रीन काळाच राहिला. आणि डब्यातून आवाज आला, लांबलचक, कर्कश, थांबून थांबून.

मुलगा दारात येऊन उभा राहिला. “झालं? म्हणत होतो की नाही मी?”

टाकेबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. जुनं होतं ते निदान फांदीफांदीनं तरी उघडत होतं. आता तेही गेलं. सोमवारी व्यवस्थापकांना काय सांगायचं?

“गप्प बसा सगळे,” लिफ्टवाले म्हणाले. त्यांनी कान डब्याला लावला होता. “मेलेलं यंत्र ओरडत नाही. ओरडतंय म्हणजे काहीतरी सांगतंय. लिफ्टचं दार पुरतं लागलं नाही की लिफ्टही अशीच कोकलते. बघायला दार लागलेलं दिसतं, पण आतला खटका बसलेला नसतो. काहीतरी पुरतं बसलं नाही तुझं.”

पुन्हा प्लग, पुन्हा बटण, पुन्हा पत्रा, पुन्हा झडप. टॉर्चच्या उजेडात बघितलं तर खरंच, दोन्ही पट्ट्यांच्या टोकांचे खटके अर्धवट उघडे होते. टाकेबाईंनी पट्टी दाबली.

“दाब की जरा,” लिफ्टवाले म्हणाले.

“दाबतेय की!”

“हे दाबणं? गोंजारतेयस तू तिला.”

खरं होतं ते. सुई कधी रेटायची नाही, अडली तर मागे घ्यायची, कापड फाटेल, हे टाकेबाईंच्या हातात इतकं मुरलं होतं की जोर लावायचा म्हटला तरी बोटं आपोआप सैल पडत. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पट्टी जागची हलली नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला.

“सरका आई,” सून म्हणाली. तिनं पत्र्याला हात लावला. “नाही, थांबा. तुम्हीच करा. मी सांगते. बोटं नका वापरू. अंगठे. दोन्ही अंगठे, दोन्ही टोकांवर. कोपर सरळ. आता हातानं ढकलू नका, खांद्यातून वजन सोडा. दोन्हीकडे सारखं. हळूच वाढवत न्या. घाबरू नका, ती मोडत नाही. माणसाची पाठ मोडत नाही तर ही काय मोडतेय!”

“मोडली तर?”

“तर माझं कपाट येईल. सोडा वजन.”

टाकेबाईंनी डोळे मिटले आणि वजन सोडलं. क्षणभर काहीच नाही. मग अंगठ्यांखाली काहीतरी खोल उतरलं आणि दोन्ही खटके आपणहून उभे राहून बसले. टक्.

“हां!” सून म्हणाली. “असाच आवाज येतो. खांदा जागेवर बसतो ना, तेव्हा.”

दुसरी पट्टी टाकेबाईंनी उघड्या डोळ्यांनी बसवली.

या खेपेला डबा ओरडला नाही. एकदा हुंकार दिल्यासारखा बारीक आवाज झाला, स्क्रीन उजळला. मुलगा जवळ आला, त्यानं काहीतरी उघडून बघितलं आणि म्हणाला, “दिसतायत. दोन्ही दिसतायत.” त्याच्या आवाजात जरा नाराजी होती, आणि ती लपवायचा प्रयत्न होता.

टाकेबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी झाडाची फाइल उघडली. तुकडा नाही, अख्खी. सवयीनं त्यांचा हात माउसवरून निघून मांडीवर गेला, कारण आता काळोख होणार होता.

काळोख झाला नाही. खालून खोड आलं. मग एकेक फांदी येऊ लागली, डावीकडून उजवीकडे, खालून वर, थांबत नव्हती. पानं आली. पाखरं आली, एका फांदीवरची झाली की दुसरीवरची. लिफ्टवाल्यांच्या हातातली टॉर्च अजून चालू होती आणि भिंतीवर उगाच एक गोल पडला होता. शेवटचं पाखरू शेंड्यावर येऊन बसलं आणि चित्र थांबलं. गोठून नव्हे. पुरं होऊन.

“बाप रे,” सून म्हणाली. “आई, हे तुम्ही काढलंत?”

टाकेबाई स्क्रीनकडे सरकल्या. त्यांनीही हे झाड पहिल्यांदाच बघितलं होतं. त्यांना वाटलं होतं, आपल्याला माहीत आहे ते. एकेक पान माहीत होतं. झाड माहीत नव्हतं. एवढं मोठं काही आपल्या हातून निघालं आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्याच कुणाचं काम बघावं तशा त्या बघत राहिल्या.

“मस्तच झालंय,” मुलगा म्हणाला. “पाठवून दे आत्ताच. सोमवारची कटकट नको.” मग जरा वाकून म्हणाला, “पण सगळी पाखरं एकाच बाजूला का बघतायत? तिकडे तिकीटखिडकी आहे का?”

लिफ्टवाले हसले. सूनही हसली. टाकेबाई हसल्या नाहीत, कारण तो म्हणत होता ते त्यांना त्याच्या आधीच दिसलं होतं.

सगळी पाखरं उजवीकडे बघत होती. एक नाही, दोन नाही, सगळी. आणि का ते त्यांना कळलं. फांदीफांदीनं काम करताना त्या नेहमी डावीकडून सुरुवात करत, आणि जे अजून भरायचं बाकी असे ते उजवीकडे असे. प्रत्येक पाखरू त्या न भरलेल्या कापडाकडे बघत बसलं होतं. एकटं एकटं काढताना प्रत्येक छान होतं. एकाही पाखरानं दुसऱ्याकडे बघितलं नव्हतं, कारण टाकेबाईंनीच कधी दोन फांद्या एकत्र बघितल्या नव्हत्या. लहान रिंगेत दुसरं पाखरू मावतच नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांपुढे ती भिंगाखालची नागमोडी रेघ आली. जवळची असून वळसा घेणारी.

“कुणाला कळणार नाही, आई,” मुलगा म्हणाला. आता तो खरंच मायेनं बोलत होता. “पडदा वर जायला कितीसा वेळ लागतो? लोक नाटक बघायला येतात.”

“आणि सोमवारी दिलं नाही तर कंपनी घेईल काम,” सून म्हणाली.

टाकेबाईंनी माउस धरला. शेंड्यावरच्या पाखराला त्यांनी उचललं आणि डावीकडे वळवलं. आता ते खालच्या फांदीवरच्या पाखराकडे बघत होतं. खालचं अजून पाठ करून होतं. दोघांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग खुर्ची मागे सारून उठल्या, जुनी पट्टी रुमालातून काढून बटणांच्या डब्यात ठेवली आणि यजमानांच्या हातातली टॉर्च बंद केली.

“झाड मी पहिल्यापासून काढणार आहे,” त्या म्हणाल्या. “व्यवस्थापकांना आज सांगते. थांबले तर थांबले, नाही तर कंपनीचं झाड लावू देत. भंगारवाल्याला नाही म्हणून कळव. हे टेबल इथून हलणार नाही. कपाट आमच्या खोलीत लावा, माझ्या बाजूच्या भिंतीला. माझा पलंग खिडकीकडे सरकवा.”

आणि त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या.